कडब्याच्या ताटावरची सरगम

आमच्या शाळेतल्या बँडच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि सकाळी दहाच्या सुमाराला तिच्यातून ऊन भिंतीवर तिरकं पडतं. भिंतीला आता पिवळा रंग आहे. माझ्या वेळी तो निळा होता. मधे कधीतरी गुलाबीही होऊन गेला असावा, कारण कोपऱ्यात पोपडे उडालेत तिथं तिन्ही रंग दिसतात. त्या तिरक्या उन्हात पिवळ्याखालून आठ पायऱ्यांचा एक जिना वर येतो. ऑइलपेंटचे जाड फटकारे होते ते, वरून कितीही रंग चढवला तरी कडा काही बुजल्या नाहीत. कुणी बघत नाही असं पाहून मी हात फिरवला. पाचवी पायरी पूर्वीही वाकडी होती, आताही वाकडीच लागली.

मी जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासते. शाळाशाळांतून जायचं, मुलींच्या बोटाला टोचून थेंब घ्यायचा, रक्त कमी असेल तर तसं कार्डावर लिहायचं, हे माझं काम. यादीत आमच्या शाळेचं नाव बघितलं तेव्हा मी बरोबरच्या कुणाला काही बोलले नाही. ही माझी शाळा म्हटलं असतं तर दिवसभर चिडवून नकोसं केलं असतं. आणि शाळेनं टेबल मांडून दिलं ते नेमकं याच खोलीत. कपाटात बासऱ्या, वर ढोल, खाली गुंडाळलेली सतरंजी. चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबूस वास अजून तसाच येतो. तो वास आला आणि तळहातांना घाम सुटला. चाळिशीला टेकलेली बाई मी, पण घामाला वयाचं काय.

रांगेतली अकराव्या की बाराव्या नंबरची मुलगी मूठ उघडेना. आठवीतली असेल, वैष्णवी नाव सांगितलं. सुईला भिणाऱ्या मुली मी रोज बघते, ही तशी भ्यालेली नव्हती. ती विचारात पडली होती.

"मॅडम, उद्या टोचा की," ती म्हणाली. "आज माझी सरगम हाय."

मी म्हटलं, दुसऱ्या हाताला टोचते. तिनं दोन्ही हातांची तीन तीन बोटं माझ्यापुढं धरली. ही सहाच्या सहा लागतात, आणि टोचलेल्या बोटानं भोक नीट झाकत नाही, आवाज फुसकतो, हे तिनं मला समजावून सांगितलं. करंगळी मोकळी असते खरी, पण तिला मांस कमी, तिथं आम्ही टोचत नाही. ते तिला नाही, मलाच माहीत होतं. बाकी सगळं आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"पाठ झालाय का जिना?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघतच राहिली. जिना हा शब्द दवाखान्याच्या बाईला कसा ठाऊक, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी तिचं कार्ड उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातलं आणि सांगितलं, तुझा नंबर शेवटी, आधी वाजवून ये.

आमच्या शाळेत सरगमला जिना म्हणतात. हे नाव कदम सरांच्या चित्रामुळं पडलं. कदम सर खरे चित्रकलेचे. बँड घ्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून त्यांच्या गळ्यात आला. मग ते उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नाच्या बँडवाल्यांकडं जाऊन बसले, क्लॅरिनेट शिकले, बासरी शिकले आणि जूनमध्ये येऊन त्यांनी भिंतीवर जिना काढला. खालच्या पायरीवर सा, वरच्या पायरीवर वरचा सा. पाचवी पायरी काढताना त्यांच्या स्टुलाचा पाय हलला, म्हणून पंचम जन्मभर वाकडा. परीक्षा ही की जिना पाठ म्हणायचा, म्हणजे वाजवायचा. चढून जायचं, उतरून यायचं, मग तीन तीन सुरांच्या उड्या मारत पुन्हा चढायचं. त्या दिवशी चित्रावर सतरंजी टांगलेली असायची. एकेकट्याला आत बोलवायचे आणि सर स्वतः आपल्याकडं पाठ करून भिंतीशी तोंड करून उभे राहायचे. त्यांचं म्हणणं, तोंड बघितलं की माया येते नाहीतर राग येतो, कानाला दोन्ही नको. मुलांना हे फार बरं वाटायचं. सरांची पाठ बघून कुणाला भीती वाटणार?

मला वाटली होती. आठवीत असताना मी आत गेले, सरांची पाठ बघितली, सतरंजी बघितली आणि दोन पायऱ्या चढून थांबले. तिसरी पायरी सतरंजीआड होती. सर पुढच्या वर्षी ये म्हणाले. वर्षभर मी झांजा वाजवल्या. झांजेला काही कमी लेखत नाही मी, पण मला बासरी हवी होती, मनापासून हवी होती. नववीचं वर्ष शेवटचं होतं. दहावीच्या मुलांना बँडमध्ये घ्यायचे नाहीत, बोर्डाची परीक्षा म्हणून. म्हणजे सव्वीस जानेवारीला ओळीत उभं राहायचं तर याच वेळी, नाहीतर कधीच नाही.

बासऱ्या मोजून सात होत्या आणि त्या घरी न्यायची परवानगी नव्हती. शनिवारी सर नव्या मुलांकडून नुसती फुंक करून घेत. सहा भोकांना हात लावायचा नाही, बासरी कशीही धरा, ओठ तेवढा नीट ठेवा आणि फुंका. फुंक शाळेत, बोटं घरी, असा त्यांचा नियम. मग घरी बोटं कशावर चालवायची? ज्यानं त्यानं आपली सोय बघितली. कुणी पोळपाटाजवळचं लाटणं घेतलं, कुणी छत्रीचा दांडा. मला आप्पांनी, माझ्या वडिलांनी, कडब्याच्या पेंढीतून एक सरळ ताट काढून दिलं. ज्वारीचं वाळलेलं ताट अंगठ्याएवढं जाड असतं, वजनाला काहीच नाही, आणि वरून गुळगुळीत. त्यांनी कोयत्यानं दोन्ही टोकं छाटली, मी चुलीतल्या कोळशानं सहा ठिपके काढले. शाळेतल्या बासरीवर दोरा धरून अंतर मोजून आणलं होतं.

ते ताट मी इतकं वाजवलं की ठिपके रोज पुसायचे आणि रोज नवे काढावे लागायचे. बोटांची टोकं कायम काळी. आई भाकरी थापताना म्हणायची, हिच्या हातची भाकरी खाल्ली तर पोटातबी सरगम वाजंल. जेवताना बोटं पितळीच्या काठावर, वर्गात वहीच्या कडेवर, न्हाणीत तांब्यावर. खाली सा म्हणजे सगळी भोकं बंद. मग तोंडापासून लांबचं बोट आधी उचलायचं आणि एकेक करत वर जायचं. सातव्या पायरीला सगळी बोटं मोकळी. आणि आठव्या पायरीला पुन्हा सगळी खाली, फुंक तेवढी बारीक आणि नेटाची. ताटावर खालचा सा आणि वरचा सा यांत काहीच फरक नव्हता. आपण जिन्याच्या तळाशी आहोत की टोकाशी, हे आपलं आपल्यालाच माहीत.

बोटं मला मंगलनं शिकवली. मंगल माझ्याच वर्गात होती आणि सातवीपासून बँडमध्ये. ओळीत पहिली जागा तिची, डावीकडच्या काठावर, झेंड्याच्या खांबाला लागून. तिच्या उजव्या हाताला बाकी सगळी मुलं. झेंडा वर गेला की त्याची दोरी तिच्या खांद्याजवळून सरसरत जायची. ती जागा मिळावी म्हणून मुलं वर्षवर्ष वाट बघत. आमची आणि त्यांची शेतं बेंबळीच्या वाटेवर लागून होती. मार्गशीर्ष-पौषात ज्वारीच्या कणसात दूध भरतं आणि दाणे टिपायला भोरड्या पाखरांच्या झुंडी उतरतात. शाळेच्या आधी दोन तास राखण आम्हा दोघींकडं. बांधावर चार लाकडं रोवून बांधलेला माळा होता, त्याच्यावर आम्ही समोरासमोर बसायचो. ती माझ्या पाठीमागचं रान बघायची, मी तिच्या पाठीमागचं. अशानं चारी बाजू राखल्या जातात, ही आमच्याकडची जुनी रीत. झुंड दिसली की जिला दिसली तिनं डबा बडवायचा. ती उडून गेली की पुन्हा ताटं तोंडाला. मंगल तिचं ताट धरायची, मी तिच्याकडं बघून माझं धरायची. ती बोट उचलायची, मी तेच उचलायची.

त्या सकाळींचा वास मला अजून कुठंतरी अचानक भेटतो. दवानं ओल्या झालेल्या पानांचा, कुणाच्या तरी शेतात भाजणाऱ्या हुरड्याचा, मंगलच्या डोक्यावरच्या खोबरेल तेलाचा. थंडीनं बोटं वाकायची नाहीत, मग काखेत घालून ऊब आणायची. मंगल तोंडानं हळू सा रे ग म म्हणायची आणि मधेच, त्याच सुरात, "आल्या गं आल्या, तुज्या मागं आल्या" म्हणून डब्याला हात घालायची. हसून हसून पुरेवाट. आमच्या सरगमीत त्या वर्षी भोरड्या किती वेळा आल्या याला सुमार नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या पूजेला, सगळा गोतावळा शेतात आला. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, तिच्यात चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, गाडग्यात आंबील, भज्जी आणि उंडे. जेवणं झाल्यावर आप्पांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं आणि म्हणाले, वाजव. मी ताट तोंडाला लावलं आणि पूर्ण जिना चढून उतरले. अर्थात आवाज काहीच नाही. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, मामा म्हणाला, लई गोड वाजवतीया, कानात दडे बसले. मला रडू आलं. आप्पा मात्र हसले नाहीत.

"ऐकू येत न्हाय म्हणून वाजंना असं थोडंच हाय," ते म्हणाले. "बोटं बगा तिची."

आप्पांना बासरीतलं काही कळत नव्हतं. पण पेरणी झाल्यावर उगवेपर्यंत वाट बघायची त्यांना सवय होती. त्यांचा तेवढा एक शब्द मी पुढं कितीतरी परीक्षांना बरोबर नेला.

परीक्षा संक्रांतीनंतर झाली. आत गेले. सतरंजी, सरांची पाठ, शर्टावर खडूची पांढरी बोटं उमटलेली. मी सतरंजीकडं बघितलंच नाही, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं मंगल बसलेली होती आणि तिच्या मागं ज्वारीचं रान. एकेक पायरी आली. पाचवी वाकडी पायरीसुद्धा सरळ आली. सातवी झाली, बोटं खाली टाकली आणि फुंकले, तर वरच्या साऐवजी खालचाच सा. धपकन जिन्याच्या तळाशी. सर वळले नाहीत. बोटं पोचली बाळ, फुंक मागं राहिली, तेवढं म्हणाले. मी श्वास भरला आणि पुन्हा फुंकले. वरचा सा लागला. तो लागतो तेव्हा बासरी ओठाखाली थरथरते हे ताटावर कधी कळलंच नव्हतं. सरांनी पाठ न वळवताच हात वर करून बस म्हटलं. बाहेर मंगल उभी होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं मला मिठी मारली, तिला दाराबाहेरून सगळं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ओळ लागली. नवी म्हणून मला अगदी उजवीकडं, शेवटी उभं केलं. सरांनी शिटी मारली, सातही जणांनी बासऱ्या तोंडाला लावल्या आणि माझी बासरी शेजारच्या बाळूच्या ओठावर जाऊन आदळली. त्याची माझ्या. दोघांच्या डोळ्यांत पाणी. सर धावत आले आणि माझ्याकडं बघून जागीच थांबले. सहा बासऱ्या उजवीकडं, माझी एकटीची डावीकडं.

महिनाभर मी मंगलच्या समोर बसून शिकले होते. तिची उजवी बाजू ती माझी डावी. आरशात बघून भांग पाडावा तसं मी सगळं उलटं पाठ केलं होतं. आणि सरांनी तर परीक्षा पाठ करूनच घेतलेली. सूर सगळे बरोबर, बाई सगळी उलटी. पोरं लोळून हसायला लागली. मुख्याध्यापक व्हरांड्यातून म्हणाले की हिला परत झांजेला घ्या, पाहुण्यांपुढं ओळ वाकडी दिसायला नको. सरांनी माझी बासरी सुलटी करून मला धरायला लावली. एक पायरीसुद्धा चढता येईना. बोटं पार गोंधळून गेली, जणू माझी नव्हतीच. दहा दिवस राहिले होते. सर डोकं खाजवत उभे राहिले. माझ्या डोळ्यांपुढं झांजा दिसायला लागल्या, त्यांचा चामड्याचा पट्टासुद्धा बोटांत जाणवला. मी बासरी सरांच्या हातात द्यायला पुढं केली.

तेव्हा ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून मंगल बोलली. "सर, हिला हिकडं काठाला घ्या. हिची बासरी भाईर जाईल, कुणाला लागणार न्हाय."

काठाला म्हणजे तिच्या जागेवर. खांबाजवळच्या. सर तिच्याकडं बघत म्हणाले, मग तू? ती एक पाऊल उजवीकडं सरकली. तिच्यामुळं तिच्या शेजारचा सरकला, मग त्याच्या शेजारची, असं करत करत सगळी ओळ एकेक पाऊल सरकली आणि खांबाजवळ एका माणसाची जागा मोकळी झाली. मी सगळ्यांच्या पुढून चालत गेले. ते अंतर वीस पावलांचं असेल, मला फार लांब वाटलं. तिथं उभी राहिले तेव्हा मंगलनं माझ्याकडं बघितलंही नाही, समोर बघत फक्त कोपरानं ढोसलं. तिची बासरी तिकडं, माझी इकडं, मधे कुणाचा कुणाला धक्का नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी माझ्या खांद्याजवळून सरसरत वर गेली. आप्पा फाटकाबाहेर सायकल धरून उभे होते. गर्दीत ते टाळ्या वाजवत नव्हते, बोटं हलवत होते.

आप्पा आता नाहीत. शेताच्या त्या तुकड्यात सोयाबीन असतं, माळा कुणी बांधत नाही. कदम सर वाशीला मुलाकडं असतात. मंगल अणदूरला दिली, तिच्या अंगणात खंडोबाच्या जत्रेचा भंडारा उडून येतो म्हणते. तिची जागा मी घेतली याबद्दल मी तिला एकदा फोनवर विचारलं होतं, तुला वाईट वाटलं नव्हतं का गं? ती म्हणाली, वाटलं की, लई वाटलं, पर तुला उलटं शिकवलं म्याच ना. आणि खळखळून हसली. ती असं हसली की मला अजून पाठीमागं भोरड्या आल्यासारखं वाटतं.

खोली आमच्याकडं असल्यामुळं वैष्णवीची परीक्षा बाहेर व्हरांड्यात चालली होती. मी सुया मांडत होते आणि कान तिकडं. खिडकीतून दिसलं, नव्या संगीतशिक्षिका खांबाकडं तोंड करून, मुलीकडं पाठ करून उभ्या होत्या. तरुण बाई, कदम सर शाळेतून गेल्यावर आलेल्या. ही रीत त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. वैष्णवी चढायला लागली. मी कार्डावर नाव लिहिता लिहिता थांबले. माझी बोटं टेबलाच्या कडेवर गेली. तिसरी, चौथी, पाचवी. सातवीनंतर ती क्षणभर थांबली. मी नकळत श्वास भरला. मग वरचा सा लागला, बारीक, सरळ. उतरताना ती जरा घाईतच उतरली, पण कोण उतरत नाही घाईत?

ती धावत आत आली आणि न सांगता बोट पुढं केलं. टोचलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही हललंही नाही. रक्त चांगलं होतं. तिनं कापूस दाबून धरला आणि मनातलं एकदाचं विचारलं, तुमी हितंच होता का शाळंला? मी होय म्हटलं. बासरीला? हो, बासरीला. मग कुठं उभ्या ऱ्हायच्या, दाखवा, म्हणून ती मला मैदानावर घेऊनच गेली. सामान आवरायचं होतं, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

झेंड्याचा खांब तोच आहे, चौथरा नवा. त्याच्यालगत फक्कीनं ओळीच्या खुणा आखलेल्या होत्या. ओळीत आता आपल्यालाही जागा मिळाली म्हणून ती हौसेनं पहिल्या खुणेवर जाऊन उभी राहिली, काठावर, खांबाला लागून, आणि बासरी तोंडाला लावून दाखवली. उजवीकडं, जशी धरायची तशी. मी म्हटलं, मी इथंच उभी असायची गं, तू उभी आहेस तिथं. आणि हवेत बासरी धरल्यासारखे हात उचलले, माझ्या सवयीनं, डावीकडं.

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. स्वतःच्या बासरीकडं बघितलं. थोडा विचार केला आणि एक पाऊल उजवीकडं सरकली.